पवार, ललिता
(१८ एप्रिल १९१६ – २४ फेब्रुवारी १९९८). मराठी व हिंदी चित्रपटांतील थोर चरित्र अभिनेत्री. मूळ नाव अंबा लक्ष्मणराव सगुण. जन्म नाशिक जिल्ह्यातील, पैठणीसाठी प्रसिद्ध असलेल्या येवल्याचा. वडील रेशमी व सुती कापडाच्या व्यवसायात होते. मूकपटांच्या काळात बालकलाकार म्हणून त्यांनी चित्रपटांत पाऊल ठेवले.

खाष्ट सासू म्हटली की ललिताबाई आठवतात. पण त्याआधी त्या नायिका होत्या, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ‘कैलास’ (१९३२) या मूकपटात त्यांनी तिहेरी भूमिका केली आणि त्याच्या निर्मितीतही भागीदारी घेतली. तेव्हा त्यांचे वय जेमतेम सोळा होते. बोलपट आल्यावर आपली गाणी त्या स्वतःच गात. टॉलस्टॉयच्या ‘रिझरेक्शन’ या कादंबरीवर बेतलेला ‘दुनिया क्या है’ (१९३८) त्यांनीच काढला. मराठीत भालजी पेंढारकरांचा ‘नेताजी पालकर’ (१९३९) आणि वि. स. खांडेकरांच्या लेखणीतून उतरलेला, मास्टर विनायकांचा ‘अमृत’ (१९४१) हे त्यांचे या काळातील महत्त्वाचे चित्रपट.

१९४२ मध्ये ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात सहकलाकार मास्टर भगवान यांना ललिताबाईंच्या थोबाडीत मारायची होती. फटका अनवधानाने जोरात बसला. चेहऱ्याच्या एका बाजूला पक्षाघात झाला, दीर्घ उपचार घ्यावे लागले आणि डाव्या डोळ्यात कायमचा दोष राहिला. नायिकेची वाट बंद झाली. पुढे हाच बारीक झालेला डोळा कजाग बाईची खूण ठरला, आणि त्यांच्या यशाचे सारे श्रेय त्यालाच देण्याची सवय लागली. हा त्यांच्यावर अन्याय आहे. प्रभातच्या ‘रामशास्त्री’मधील (१९४४) आनंदीबाई किंवा शांतारामांच्या ‘दहेज’मधील (१९५०) हुंड्यासाठी सुनेला छळणारी सासू अंगावर येते ती आवाजातल्या धारेमुळे आणि नेमक्या जागी घेतलेल्या थांब्यामुळे.

याच चेहऱ्याने त्यांनी मायाही तितकीच खरी दाखवली. ‘श्री ४२०’मधील (१९५५) केळीवाली गंगामाई फुटपाथवरच्या बिऱ्हाडांची आईच आहे. हृषीकेश मुखर्जींच्या ‘अनाडी’त (१९५९) त्या घरमालकीण मिसेस डिसा झाल्या. राज कपूरला त्या तोंडाने फैलावर घेतात आणि नजरेने पोटाशी धरतात. रागवता रागवता आवाज जरासा ओला होतो, तो लपवायला पुन्हा चढतो. रागाआडची माया प्रेक्षकाला तेवढ्यात कळून चुकते. भेसळीच्या औषधाने ही बाई दगावते, तेव्हा चित्रपटाचा कणाच मोडल्यासारखा वाटतो. या भूमिकेला सर्वोत्कृष्ट साहाय्यक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले.

‘प्रोफेसर’मधील (१९६२) सीतादेवी ही त्यांची सर्वांत धाडसी भूमिका म्हणावी लागेल. करड्या शिस्तीची ही पोक्त बाई म्हाताऱ्या प्राध्यापकाचे सोंग घेतलेल्या शम्मी कपूरवर भाळते. प्रसंग हशा पिकवण्यासाठी लिहिलेले. ललिताबाई मात्र उतारवयात जागा झालेला जीव मनापासून रंगवतात. प्रेक्षक हसतो आणि हसता हसता तिच्यासाठी हळहळतो.

‘संपूर्ण रामायण’मध्ये (१९६१) त्यांनी मंथरा केली होती. पाव शतकानंतर रामानंद सागरांच्या दूरदर्शन मालिकेत (१९८७) तीच भूमिका पुन्हा त्यांच्याकडे आली. मालिकेच्या वेळी गावोगावी शेजारपाजार एका दूरदर्शन संचापुढे दाटीवाटीने बसे. एका अख्ख्या पिढीने कैकेयीचे कान फुंकणारी मंथरा पाहिली ती त्यांच्याच रूपात.

पुण्यात औंध येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या नकारात्मक भूमिकांवर आजवर उदंड लिहिले गेले. त्या मानाने त्यांच्याच भूमिकेभोवती उभा राहिलेला हृषीकेश मुखर्जींचा ‘मेमदीदी’ (१९६१) उपेक्षित राहिला. त्याच दिग्दर्शकाने ‘आनंद’मध्ये (१९७१) इस्पितळाची करारी, प्रेमळ मेट्रन त्यांच्याकडेच सोपवली आणि तिचेही आडनाव डिसाच ठेवले.