गुदकोशविकार, कुत्र्यांतील
कुत्र्याच्या गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना, घड्याळातील ४ व ८ या आकड्यांच्या जागी, त्वचेखाली दोन लहान पिशव्या असतात. त्यांना गुदकोश म्हणतात. त्यांच्या अस्तरातील ग्रंथींतून उग्र वासाचा तपकिरी स्राव पाझरतो. घट्ट, बांधीव शौच बाहेर पडताना पिशव्यांवर दाब येतो आणि हा स्राव बारीक नळ्यांतून विष्ठेवर उतरतो. म्हणूनच गुदकोशाचे आरोग्य पचनाशी बांधलेले आहे. जुलाब किंवा सततचे पातळ शौच असेल, तर पुरेसा दाब पडत नाही; स्राव साचून घट्ट होतो, नळी तुंबते आणि जंतुसंसर्ग होऊन गळू होते. स्थूलता व त्वचेची ॲलर्जी हीदेखील कारणे आहेत. लहान जातींत हा त्रास अधिक आढळतो.

ढुंगण जमिनीवर घासत पुढे सरकणे, शेपटीखाली सतत चाटणे किंवा चावणे आणि शौचाच्या वेळी कण्हणे ही लक्षणे होत. घासणे म्हणजे जंतच, असे धरून नुसते जंताचे औषध देत राहिल्यास मूळ दुखणे वाढते. पशुवैद्य पिशव्या दाबून रिकाम्या करतात. गळू झाल्यास निचरा, धुणे व प्रतिजैविके लागतात, तर वारंवार उद्भवल्यास शस्त्रक्रियेने कोश काढतात. निरोगी कोश मात्र उगाच दाबू नयेत. त्याने सूज येऊ शकते. आहारात उकडलेला लाल भोपळा किंवा थोडे इसबगोल दिल्यास शौच बांधीव होण्यास मदत होते. वयस्क कुत्र्यात एका बाजूला कठीण गाठ लागल्यास कर्करोगाची तपासणी तातडीने करावी; त्यात काही वेळा रक्तातील कॅल्शियम वाढून कुत्रे फार पाणी पिऊ लागते.