नाव एक, नर्तकी अनेक

रात्री प्रवाळभित्तीवर टॉर्चचा झोत पडावा आणि दगडावरची तांबडी घडी उलगडून, लाटेसारखी वळत, पाण्यात पोहू लागावी! ही ‘स्पॅनिश डान्सर’, म्हणजे शंख नसलेली समुद्री गोगलगाय. तिची लांबी 40 सेंटीमीटरपर्यंत भरते. एरवी ती अंगाच्या कडा गुंडाळून सरपटते आणि स्पंज खाते. डिवचले, की कडा पसरून रंग दाखवते. हा शृंगार नव्हे, इशारा आहे. कारण स्पंजांतील विषारी संयुगे ती आपल्या शरीरात साठवते आणि गुलाबासारख्या दिसणाऱ्या अंड्यांच्या फितीतही उतरवते.

पण हा रंग टिपणे सोपे नाही. पाणी तांबडा प्रकाश लवकर शोषते. म्हणून खोलवर दिवसाही लाल वस्तू काळपट भासते. मद्यार्कात ठेवलेल्या नमुन्याचा रंग तर उडूनच जातो. या प्राण्याच्या नावांतही हे पाहणे आणि न पाहणे उमटले आहे.

हिंद महासागर कधीही न पाहिलेल्या क्यूविए यांनी 1804 साली पॅरिसमध्ये तिला ‘लॅसेरा’, म्हणजे फाटकी, असे नाव दिले. तांबड्या समुद्राचा प्रवास करून आलेल्या एरेनबर्ग यांनी 1828 मध्ये सहा कल्ल्यांवरून ‘हेक्साब्रँकस’ ही प्रजाती स्थापली. त्याच समुद्रातील प्राण्याला रुपेल आणि लॉयकार्ट यांनी ‘सँग्विनियस’, म्हणजे रक्तवर्णी, म्हटले. पुढे हिंद-प्रशांत महासागरांतील बहुतेक नर्तकींना हेच एक नाव चिकटले.

आपल्या किनाऱ्यावर मात्र रंग जपण्याचा एक प्रयत्न झाला होता. मद्रास इलाख्यातील अधिकारी वॉल्टर एलियट यांनी विशाखापट्टणमजवळच्या वॉल्टेर येथे अशा गोगलगाई जमवल्या आणि जिवंत प्राण्यांवरून स्थानिक हातांनी त्यांची रंगीत चित्रे काढवून घेतली. त्यांच्या आधारे इंग्लंडमधील आल्डर आणि हँकॉक यांनी 1864 साली अनेक नव्या जातींची वर्णने प्रसिद्ध केली. त्या निबंधाच्या शीर्षकात एलियट यांचे नाव आहे, चित्रकाराचे नाही.

2023 मध्ये डीएनएच्या तौलनिक अभ्यासाने स्पॅनिश डान्सरच्या एकाच नावाखाली अनेक जाती दडल्याचे दाखवले. ‘सँग्विनियस’ हे नाव तांबड्या समुद्रातील जातीपुरते उरले. हिंद-प्रशांत भागात दूरवर पसरलेल्या जातीसाठी क्यूविए यांचे जुने नाव परत आले.

याचा अर्थ, लक्षद्वीप आणि अंदमान येथील ‘सँग्विनियस’ म्हणून झालेल्या जुन्या नोंदीही पुन्हा तपासाव्या लागतील. त्यासाठी जिवंत रंगाचे छायाचित्र हवे, ऊतीचा नमुना हवा, ठिकाण आणि तारीख हवी. आणि ज्याने ती प्रथम पाहिली, त्या नावाड्याचे, पाणबुड्याचे किंवा विद्यार्थ्याचे नावही त्याच नोंदीत हवे. वॉल्टेरच्या चित्रकाराच्या बाबतीत जे राहून गेले, ते आपल्या हातून राहू नये.