तीव्रतादर्शक शब्दांचा अर्थप्रवास : ‘व्हेरी’, ‘फार’ आणि ‘खूप’

प्रास्ताविक : परभणी जिल्ह्यातील चारठाणा हे गाव यादवकालीन मंदिरांच्या अवशेषांसाठी ओळखले जाते. यादवांनंतर या प्रदेशावर बहमनी काळापासून १९४८ पर्यंत, निजामी राजवटीच्या अखेरीपर्यंत, फार्सी-उर्दूचा प्रभाव राहिला. येथील बोलण्यात ‘फार’, ‘खूप’ आणि ‘लई’ हे तिन्ही शब्द आढळतात. पैकी ‘लई’ मात्र अशुद्ध मानला जातो. या समजुतीला ऐतिहासिक आधार आहे काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

इंग्रजीचा दाखला : ‘व्हेरी’ हा शब्द मुळात इंग्रजी नाही. लॅटिनमधील ‘वेरुस’ म्हणजे खरा. त्यापासून जुन्या फ्रेंचमधील ‘वेराय’ व पुढे ‘व्हेरी’ सिद्ध झाला. मध्ययुगीन इंग्रजीत त्याचा अर्थ ‘खरा’ असाच होता. कालांतराने सत्याचा अर्थ झिजला आणि केवळ तीव्रता उरली. जर्मन भाषेतील ‘झेअर’ हा शब्दही मूळ ‘वेदनापूर्वक’ या अर्थाचा असून आज तो ‘फार’ या अर्थी रूढ आहे.

मराठीतील स्थिती : ‘फार’ची व्युत्पत्ती संस्कृत ‘स्फार’ म्हणजे विस्तीर्ण, विपुल या शब्दापासून होते. ‘खूप’ हा फार्सी ‘खूब’ होय. त्याचा मूळ अर्थ चांगला, सुंदर. ‘खुबी’ व ‘खुबसुरत’ या शब्दांत तो अर्थ आजही टिकून आहे. ‘खूप’मध्ये मात्र गुण लोपून परिमाण शिल्लक राहिले. १९२५ मध्ये फार्सी-मराठी कोश सिद्ध करणारे माधव त्र्यंबक पटवर्धन यांनी पुढे भाषाशुद्धीचा पुरस्कार केला. त्या चळवळीनंतरही ‘खूप’ मराठीत कायम राहिला. आज तो परका आहे, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

निष्कर्ष : तीव्रतादर्शक शब्दाची प्रतिष्ठा त्याच्या कुळावर अवलंबून नसते, ती लेखनातील रूढीने ठरते. परभाषेतून आलेला ‘खूप’ प्रमाण आणि घराघरांत बोलला जाणारा ‘लई’ अशुद्ध, हा भेद सामाजिक आहे. चारठाण्याच्या विद्यार्थ्याला औपचारिक लेखनाचे संकेत अवश्य शिकवावेत; परंतु त्याच्या घरच्या शब्दाला अशुद्ध ठरविण्यास भाषेचा इतिहास आधार देत नाही.