पाळण्यातील पाय आणि तुरुंगाचे गज

‘बाळाचे पाय पाळण्यात दिसतात’ ही म्हण आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकलेली आहे. तथापि ती केव्हा उच्चारली जाते, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. पाळण्यात निजलेल्या बाळाकडे पाहून ती क्वचितच म्हटली जाते. बाळ मोठे होऊन कीर्तीस चढले, अथवा वाया गेले, म्हणजे मग लोकांस त्याच्या पायांची आठवण होते. भविष्यकथनाचा आव आणणारी ही म्हण वस्तुतः मागाहून सुचलेले शहाणपण होय. इतिहास लिहिणाराची वृत्तीही पुष्कळदा अशीच असते. तिचे एक मासलेवाईक उदाहरण आम्हांस एका विनोदी अमेरिकन बोलपटात आढळले. तेच येथे वाचकांपुढे ठेवण्याचा आमचा विचार आहे.

‘बॅक टू द फ्यूचर’ हा तो बोलपट. रॉबर्ट झेमेकिस यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९८५ च्या जुलै महिन्यात प्रदर्शित झाला. कथा त्यांनी व बॉब गेल यांनी मिळून लिहिली. मार्टी मॅकफ्लाय नावाचा कॅलिफोर्नियातील एक शाळकरी तरुण कालयंत्रात बसून १९८५ सालातून थेट ५ नोव्हेंबर १९५५ या दिवसात जाऊन पडतो. तेथे त्यास आपले आईबाप आपल्याच वयाचे भेटतात. त्याच रात्री आपल्या आजोळी जेवावयास बसण्याचा विलक्षण योग त्याच्यावर येतो. हा आपला होणारा नातू, याची आजीबाईंस अर्थातच कल्पना नाही. परक्या पाहुण्यास सांगावे त्याप्रमाणे ती आपल्या मुलांची नावे सांगते: मिल्टन, सॅली, टोबी आणि सर्वांत शेवटी धाकटा जोई.

हा जोई एका लाकडी गजांच्या चौकोनी कठड्यात आहे. लहान मुलांस एके ठिकाणी खेळते ठेवण्यासाठी असे कठडे तिकडे घरोघर वापरीत. जोईस त्यातून बाहेर काढले की तो रडतो, म्हणून आम्ही त्यास आतच ठेवतो, असे आई कौतुकाने सांगते. मार्टी खाली वाकतो आणि त्या बाळास सल्ला देतो की, बाबा रे, या गजांची आताच सवय करून घे. प्रेक्षकांत हशा पिकतो. कारण १९८५ सालचा जोईमामा तुरुंगात आहे, हे त्यांस आरंभीच कळलेले असते. मार्टीच्या घरी त्याच्या स्वागतासाठी आणलेला केक तसाच राहिलेला असतो. पॅरोल, म्हणजे मुदतीपूर्वी होणारी सशर्त सुटका, त्यास याही खेपेस मिळालेली नसते.

जोईच्या वाट्यास या चित्रपटात एकही वाक्य नाही. तरीही आमच्या मते इतिहासाच्या अभ्यासकास या बाळापासून पुष्कळ शिकण्यासारखे आहे. मार्टी हा भूतकाळात उतरलेला इतिहासकारच नव्हे काय? शेवट काय होणार, हे त्या घरात एकट्यास ठाऊक. म्हणून त्याच्या डोळ्यांस खेळण्याचा कठडा दिसतच नाही. दिसतो तो तुरुंग. इंग्रज इतिहासकार हर्बर्ट बटरफील्ड यांनी १९३१ साली ‘द व्हिग इंटरप्रिटेशन ऑफ हिस्टरी’ या छोट्याशा ग्रंथात नेमक्या याच दोषावर बोट ठेविले. वर्तमानाकडे एक डोळा ठेवून भूतकाळ वाचला, म्हणजे गतकालीन माणसे स्वतःसाठी न जगता आपल्यासाठीच जगली असे वाटू लागते, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार आहे.

आता हा कठडा १९५५ सालच्या डोळ्यांनी पाहू. त्या काळच्या अमेरिकन मातांचा मोठा आधार म्हणजे डॉ. बेंजामिन स्पॉक यांचे बालसंगोपनावरील पुस्तक. ते १९४६ साली निघाले आणि लेखकाच्या हयातीत त्याच्या कोट्यवधी प्रती खपल्या. अशा कठड्याची सवय मूल तीनचार महिन्यांचे असतानाच लावावी. मोकळ्या जमिनीवर रांगण्याची गोडी लागल्यावर त्यात ठेवले तर त्यास तो पहिल्यापासून तुरुंगच वाटतो, असा स्पॉक यांचा अभिप्राय आहे. या दृष्टीने पाहता, जो जोई बाहेर काढताच रडतो, त्यास कठडा तुरुंग वाटत नाही हे उघड आहे! आईने त्यास अष्टौप्रहर आत ठेवावे, हे काही त्या पुस्तकात सांगितलेले नाही. पण मार्टीस जे अपशकुनाचे चिन्ह वाटले, ते त्या माउलीस आपल्या संगोपनाचे यश वाटत होते, एवढे निश्चित.

यावर कोणी म्हणेल, गजांत वाढला म्हणूनच जोई पुढे गजांआड गेला, असा चित्रकर्त्यांचा रोख नसेल कशावरून? विनोद म्हणून हे ठीक आहे; कारणमीमांसा म्हणून टिकणारे नाही. १९५५ साली अमेरिकेत ४० लाखांहून अधिक मुले जन्मली. त्यांतील कितीतरी अशाच कठड्यांत खेळली आणि पुढे मास्तर, सुतार, डॉक्टर झाली. उलट तुरुंगांकडे पाहिले तर निराळीच गोष्ट दृष्टीस पडते. १९५५ साली अमेरिकेतील राज्यांच्या व मध्यवर्ती सरकारच्या तुरुंगांत मिळून सुमारे १ लाख ८५ हजार कैदी होते. १९८५ साली ही संख्या ४ लाख ८० हजारांच्या वर गेली. याच तीस वर्षांत लोकसंख्या मात्र साडेसोळा कोटींवरून चोवीस कोटींच्या आतच, म्हणजे दीडपटीहूनही कमी वाढली होती. बाळांच्या पायांत तीस वर्षांत एवढा फरक पडला, असे कोण म्हणेल? फरक पडला तो कायद्यांत, शहरांच्या स्थितीत, गुन्ह्यांच्या प्रमाणात आणि शिक्षेविषयीच्या राज्यकर्त्यांच्या व जनतेच्या मनोवृत्तीत. जोईचे गज पाळण्यात घडले नाहीत. ते मधल्या तीस वर्षांत घडले, आणि ती तीस वर्षे मार्टीने कालयंत्रातून एका क्षणात ओलांडली होती. शेवट ठाऊक असणारास मधली वाट चालावी लागत नाही. त्याची चूक होते ती येथेच.

अशी चूक स्वतः चित्रकर्त्यांच्याही हातून झालेली आहे. त्या रात्री बेन्स कुटुंब नव्यानेच घेतलेल्या दूरचित्रवाणी संचावर ‘द हनीमूनर्स’ या मालिकेतील एक भाग पाहत जेवते. हा भाग प्रत्यक्षात ३१ डिसेंबर १९५५ रोजी प्रथम दाखविला गेला, म्हणजे जेवणानंतर आठ आठवड्यांनी! मागे वळून पाहणारास नोव्हेंबर काय आणि डिसेंबर काय, सारे सारखेच दिसते. हा दोष आम्ही निंदेसाठी दाखवीत नाही. ज्या दोषातून आपणही सुटलेलो नाही, तो दुसऱ्याच्या ठिकाणी दिसला म्हणजे आपला आपणांस ओळखू येतो, इतकेच.

या चित्रपटाचा उगमही ध्यानात घेण्याजोगा आहे. बॉब गेल यांस एकदा आपल्या वडिलांचे शाळेतील जुने वार्षिक हाती लागले. वडील आपल्या वर्गाचे अध्यक्ष होते, हे त्यावरून त्यांस प्रथमच कळले. आपण त्यांचे वर्गबंधू असतो तर आपली मैत्री जमली असती काय, या प्रश्नातून ही कथा जन्मास आली. बाप होण्यापूर्वीचा बाप पाहण्याची ही जिज्ञासा किती निर्मळ आहे! तिच्यामुळेच मार्टीच्या भित्र्या बापास चित्रपटात नवे आयुष्य लाभते. एका रात्री त्याने दाखविलेल्या धैर्याने पुढची तीस वर्षे पालटतात. १९९० सालच्या तिसऱ्या भागाच्या अखेरीस तर, कोणाचेही भविष्य आधी लिहिलेले नसते, असाच उपदेश शास्त्रज्ञाच्या तोंडी घातला आहे. परंतु पहिल्या भागाच्या अखेरीस पालटलेले घर दिसते, त्या सकाळच्या प्रसंगात जोईचे नावही निघत नाही. भावंडे सुधारली, आईबाप सुधारले; मामाचे काय झाले, हे विचारण्याची कोणास आठवण नाही.

आठवण ठेवणारे माणूस या कथेत एकच आहे. आरंभीच्या त्या प्रसंगात, तुरुंगातल्या मामाची मुलीस लाज वाटते आणि मुलगाही त्याची थट्टा करतो. तेव्हा मार्टीची आई लॉरेन मुलांस समजाविते की, चुका सर्वांच्याच हातून होतात, आणि मामास चार ओळी लिहा असे सांगते. चित्रपटातील ही लॉरेन त्या वेळी सुस्त, दारूने थकलेली बाई आहे. तिचे बोलणे कोणी मनावर घेत नाही. पण भाच्यास जोईचा फक्त शेवट ठाऊक आहे आणि बहिणीने त्याचा आरंभ पाहिलेला आहे. कठड्यातून काढल्यावर रडणारा जोई तिने कडेवर घेतलेला असणार. तिच्या लेखी तुरुंगातला माणूस आणि कठड्यातले बाळ हे एकच आहेत. मात्र बाळावरून ती कैदी ओळखीत नाही, तर कैद्यात बाळ ओळखते.

इतिहासकाराने या दोघांपैकी कोणाची दृष्टी घ्यावी, हे निराळे सांगावयास नकोच. शेवट ठाऊक असणे हा त्याचा दोष नव्हे. तो त्याचा धंदाच आहे. परंतु पाळण्यापाशी वाकताना तो शेवट क्षणभर बाजूस ठेवण्याची शक्ती ज्याच्या ठायी नसेल, त्यास सर्वत्र पायच दिसतील. बाळ दिसणार नाही.