दिनविशेष : १५ सप्टेंबर – जॅकी कूपर

अमेरिकी अभिनेते जॅकी कूपर यांचा जन्म १९२२ साली आजच्याच दिवशी लॉस एंजेलिसमध्ये झाला. ‘स्किपी’ (१९३१) या चित्रपटासाठी वयाच्या नवव्या वर्षी त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे ऑस्कर नामांकन मिळाले. सोहळा इतका लांबला, की हा उमेदवार शेजारच्या मेरी ड्रेसलर यांच्या खांद्यावर डोके ठेवून चक्क झोपी गेला!

‘स्किपी’मध्ये जॅकी पडद्यावर ढसाढसा रडतो; त्या रडण्यामागची गोष्ट मात्र गोड नाही. दिग्दर्शक नॉर्मन टॉरॉग हे जॅकीच्या मावशीचे यजमान. पोराच्या डोळ्यांत पाणी येईना, तेव्हा त्याच्या कुत्र्याला गोळी घालण्याची धमकी देण्यात आली. कुत्र्याला आडोशाला नेले, बंदुकीचा बार ऐकू आला आणि पोरगा ढसाढसा रडला. कुत्रा सुखरूप होता. टॉरॉग यांना ऑस्कर मिळाले. कूपर यांनी ५० वर्षांनी आत्मचरित्राला नाव दिले, ‘प्लीज डोन्ट शूट माय डॉग’.

मिसरूड फुटले, की बालकलाकाराची मागणी ओसरते. कूपरही त्यातून सुटले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात ते नौदलात गेले, परतल्यावर रंगभूमी आणि दूरचित्रवाणीकडे वळले. ‘मॅश’ मालिकेच्या दिग्दर्शनासाठी त्यांना एमी मिळाला.

नव्या पिढीला ते ठाऊक झाले, ते ‘सुपरमॅन’मधले (१९७८) ‘डेली प्लॅनेट’चे तापट संपादक पेरी व्हाइट म्हणून. ही भूमिका आधी कीनन विन करणार होते; ते आजारी पडले आणि कूपर यांची वर्णी लागली. पुढच्या तिन्ही भागांत तेच होते.

३ मे २०११ रोजी त्यांचे निधन झाले. मुख्य अभिनेत्याच्या ऑस्करसाठी सर्वांत लहान वयात नामांकन मिळवण्याचा विक्रम आजही त्यांच्याच नावावर आहे.