दान, फासा आणि प्यादं

मराठीत राजकारणावर चार वाक्यं बोलायची म्हटली, तर पटावरच्या खेळांशिवाय आपलं पान हलत नाही. अमक्यानं तमक्याला शह दिला, त्यानं काटशह दिला, फासे उलटे पडले, डाव उधळला, सोंगटी मारली गेली, दान मनासारखं पडलं. हे शब्द रोज वापरणाऱ्या किती जणांनी सारीपाटाला हात लावला असेल? खेळ विसरला गेला, भाषेनं मात्र त्याचे शब्द सांभाळून ठेवले. मी कवी माणूस. शब्दांचा माग काढता काढता या खेळांपर्यंत पोचलो आणि छंदच जडला. गेल्या वर्षभरात जे पट सर्वांत जास्त मांडले आणि मनापासून आवडले, त्या चार पटांविषयी आज बोलायचं आहे.

हे पट मांडले गेले द्रोणागिरीत. उरण तालुक्यातली ही सिडकोनं वसवलेली वस्ती. पाठीशी द्रोणागिरीचा किल्ला आणि जवळच 1989 साली सुरू झालेलं न्हावाशेव्याचं बंदर. त्या बंदरामुळे इथं गावोगावची, प्रांतोप्रांतीची माणसं आली. प्रत्येकाची बोली वेगळी, जेवण वेगळं. पण चादरीवर खडूनं पट आखला आणि कवड्या खुळखुळवल्या की कुणी म्हणतं, ‘आमच्याकडे याला चौपड म्हणतात’, कुणी म्हणतं, ‘आमची आजी हेच खेळायची’. ओळख करून द्यायला दुसरं काही लागत नाही.

पहिला मान सारीपाटाचा. अधिक चिन्हासारखा पट, चार पट्ट्या, प्रत्येक पट्टीत तीन ओळी आणि ओळीत आठ घरं. म्हणजे शहाण्णव घरं आणि मधलं मोठं घर. चार रंगांच्या सोळा सोंगट्या. लांबट फाशांनी खेळला तर चौसर आणि कवड्यांनी खेळला तर पच्चीसी, कारण कवड्यांचं सर्वांत मोठं दान पंचवीसचं. अबुल फजलनं ‘आईन-इ-अकबरी’त चौपडीची माहिती दिली आहे, आणि फत्तेपूर सिक्रीच्या अंगणात फरसबंदीवर आखलेला भव्य पट आजही पाहायला मिळतो. पण मराठी माणसाला बादशहापेक्षा खंडोबा जवळचा. म्हाळसेबरोबर सारीपाटात हरला म्हणून देव बारा वर्षं घराबाहेर पडला आणि बानूच्या घरी मेंढरं राखायला राहिला, अशी जेजुरीची कथा. ज्या देवाला भक्त मल्लूखान असंही म्हणतात, त्याच्याही संसारात फाशानं बिब्बा घातला!

याच पच्चीसीला इंग्लंडमध्ये सोपं रूप दिलं गेलं. 1896 साली तिथं त्याचं पेटंट घेतलं गेलं आणि ‘ल्यूडो’ या नावानं ती पुठ्ठ्यावर छापून आपल्याच घरी परत आली. सारीपाटात कुठली सोंगटी पुढं काढायची, कुठली राखायची, जोडीदाराला कुठं सांभाळायचं, याचा विचार भरपूर असतो. दान नशिबाचं, चाल आपली. संसाराचं याहून खरं चित्र मला कुठल्या खेळात दिसलं नाही.

दुसरा पट मोक्षपट, म्हणजे आपल्या सापशिडीचा पूर्वज. महाराष्ट्रात परंपरा तो ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडते. हाती असलेले जुने पट मात्र त्यांच्या काळानंतर बऱ्याच शतकांनी तयार झालेले आहेत. या पटाच्या घरांत नुसते आकडे नसतात. सद्गुण आणि दुर्गुण असतात, स्वर्ग आणि नरक असतात. शिडी पुण्याची, साप पापाचा, आणि शेवटचं घर मुक्तीचं. जैनांमध्ये याच जातीचा ‘ज्ञानबाजी’ नावाचा पट आहे. सूफींमध्येही तो आहे. त्याचं नाव ‘शतरंज-उल-आरिफीन’, म्हणजे ज्ञात्यांचं बुद्धिबळ. परंपरा त्याचं श्रेय 1240 साली वारलेल्या इब्न अरबी या थोर सूफीला देते. त्याही पटावर माणूस मोहाच्या तोंडातून खाली घसरतो आणि भक्तीच्या शिडीनं ईश्वराच्या दाराशी पोचतो. वारकऱ्याचा आणि सूफीचा पट शेजारी शेजारी ठेवले, तर घरांची नावं बदलतात, वाट बदलत नाही.

तिसरा खेळ गरिबांचा, वाघ-बकरी. ना फासा, ना कवडी. जमिनीवर रेघा ओढाव्यात आणि खडे मांडावेत. वाघ थोडे, बकऱ्या पुष्कळ. वाघ उडी मारून बकरी खातो, आणि बकऱ्यांना शस्त्र एकच, एकमेकींना चिकटून उभं राहायचं. एकटी सुटली ती गेली. सगळ्या मिळून वाघाची हालचाल बंद करतात तेव्हा त्या जिंकतात. गुराखी, वाटसरू, पहारेकरी यांच्या हातचे असे खेळ महाराष्ट्रात दगडांवरही कोरलेले सापडतात. जुन्या व्यापारी वाटेवरच्या नाणेघाटात खडकात दोन ओळींत खोदलेले खळगे आहेत. तो मंकला या खेळाचा पट असल्याचं अभ्यासक सांगतात. जकात भरायला थांबलेल्या कुणा व्यापाऱ्यानं तिथं बिया टाकून वेळ काढला असेल, असं त्या खळग्यांकडे पाहताना वाटतं. किल्ल्यावर गेलात तर असा खळगा पायाखाली येतोय का, एवढं जरूर पाहा. त्यावर सिमेंट ओतलं की ते पान कायमचं मिटलं.

चौथा पट बुद्धिबळाचा. हा आपल्या देशात ‘चतुरंग’ म्हणून जन्मला, इराणात ‘चतरंग’ झाला, अरबांकडे ‘शतरंज’ झाला आणि फारसी शब्दांचा पोशाख चढवून घरी परतला. म्हणून आपण खेळाला संस्कृतातलं ‘बुद्धिबळ’ म्हणतो आणि त्यात वजीर, प्यादं, शह, मात असं सगळं फारसी-अरबी बोलतो. ‘शह’ म्हणजे मुळात ‘शाह’, राजा. या चौसष्ट घरांत ही भाषा कुणाची, असा प्रश्न आजवर कुणी विचारलेला नाही.

या पटावर मराठी मुलींनी मोठी लढाई लढली. 1974 साली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा मुंबईच्या वासंती खाडिलकरनं जिंकली. 1976 मध्ये तिची धाकटी बहीण रोहिणी, वय वर्षं तेरा, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली तेव्हा केवढा गहजब झाला! शेवटी, बाईला खेळण्यापासून रोखता येणार नाही, असा निर्वाळा मिळाला. पुढं 1981 मध्ये रोहिणी आशियाई विजेती झाली. आणि 2025 च्या जुलैमध्ये नागपूरच्या एकोणीस वर्षांच्या दिव्या देशमुखनं बटुमीत कोनेरू हम्पीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला, ग्रँडमास्टर किताबही मिळवला. प्याद्याचा वजीर होतो, तो असा.

आता एक अवघड गोष्ट. आमच्या कोकणी मुस्लिम घरात फाशाला बंदी होती. दादी म्हणायची, ‘फासा घरात आला की बरकत बाहेर जाते.’ इस्लाममध्ये जुगार निषिद्ध आहे आणि फाशांच्या खेळाचाही निषेध आहे. बुद्धिबळाबद्दल मात्र धर्मशास्त्र्यांत मतभेद झाले. आम्ही कोकणी मुसलमान ज्या शाफई पंथाचे, त्याच्या पंडितांनी सर्वसाधारणपणे असं ठरवलं, की पैसे लावले नाहीत आणि नमाज चुकली नाही, तर बुद्धिबळ नापसंत असलं तरी हराम नाही. दुसऱ्या बाजूला ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात घर गमावलेल्या जुगाऱ्याचा आक्रोश आहे, आणि महाभारताच्या सभापर्वात काय झालं ते सर्वांना ठाऊक आहे. पूर्वजांना खेळाची भीती नव्हती. पणाची होती.

आपल्या न्यायालयांनी वेगळा प्रश्न विचारला. खेळ नशिबाचा की कौशल्याचा? मुंबई राज्यातल्या बक्षिसी शब्दकोड्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1957 साली सांगितलं, की जिथं यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून असतं तो जुगार नव्हे. 1967 मध्ये रमीलाही हाच न्याय लागला. मग मोबाइल आला, आणि ‘हा कौशल्याचा खेळ आहे’ असं सांगत पैशाचे डाव खिशाखिशात पोचले. आमच्या वस्तीतल्या एका पोरानं रात्रपाळीच्या डब्याबरोबर महिन्याचा पगारही मोबाइलवर संपवला. घरी सांगायची हिंमत होईना, म्हणून तो आठवडाभर मित्राकडे झोपत होता. अखेर 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेनं कायदा केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, मग ते नशिबाचे असोत की कौशल्याचे, बंद. म्हणजे कायदाही फिरून फिरून दादीच्या उंबऱ्याशी आला. खेळ कोणता, हे नंतर. पणाला काय लावलंय, ते आधी सांगा.

तो मुलगा आता रविवारी आमच्याकडे सारीपाट खेळायला येतो. मनासारखं दान पडलं नाही तर चिडतो, ओरडतो, सोंगटी मेली की कपाळावर हात मारतो. खेळ संपला की आम्ही कवड्या डबीत भरतो. त्या मोजून पाहिल्या तर जेवढ्या काढल्या होत्या तेवढ्याच असतात. हरलेल्याला जाताना चहाचा कप जास्त मिळतो, एवढाच आमचा पण.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)