पिशवीतील मुंग्या

पाळलेल्या मुंग्यांची वसाहत बागेत सोडणे हा आज छंदिष्टांचा उद्योग वाटतो. दक्षिण चीनमध्ये मात्र तो बागायतदारांचा रोकडा व्यवहार होता. जी हान याच्या नावावर असलेल्या आणि परंपरेने इ. स. 304 चा मानल्या गेलेल्या ‘नानफांग त्साओमू च्वांग’ या वनस्पतिवर्णनपर ग्रंथात त्याची नोंद आहे. जिआओझी (आजचा उत्तर व्हिएतनाम) येथील लोक लव्हाळ्याच्या पिशव्यांतून मुंग्या बाजारात विकत. मुंग्या तांबूस-पिवळ्या, घरटे रेशमासारखे, डहाळी-पानांसकट आणलेले. त्या नसतील तर संत्र्याचे एकही फळ किडीच्या तावडीतून सुटत नाही, असा निर्वाळाही तेथे दिला आहे. वर्णनावरून ही मुंगी ओळखू येते. कोकणात झाडाची पाने शिवून राहणारी ओंबील ती हीच.

तथापि या ग्रंथाच्या अस्सलपणाविषयी वाद आहे. उपलब्ध संहिता सोंग काळात जुन्या उताऱ्यांवरून जुळवली गेली असावी, असे काही अभ्यासकांचे मत आहे. ते ग्राह्य धरल्यास ‘जैविक कीडनियंत्रणाचा पहिला दाखला, इ. स. 304’ हे विज्ञानेतिहासातील लाडके विधान डळमळते.

प्रथा मात्र डळमळत नाही. तांग काळाच्या अखेरीस ल्यू शुन तिचा उल्लेख करतो. 12व्या शतकात च्वांग जीयू तर मुंग्या पकडण्याची रीतच सांगतो: डुकराच्या वा मेंढीच्या मूत्राशयात चरबी भरून, त्याचे तोंड उघडे ठेवून ते घरट्याशेजारी ठेवायचे, मुंग्या आत शिरल्या की घेऊन जायचे. हा तपशील जुन्या नोंदीत नाही. तो पोथीवरून उतरवलेला नव्हे, कोणाच्या तरी हातचा आहे. पुढील नोंदींत झाडाझाडांना जोडणाऱ्या बांबूच्या पुलांचीही भर पडते. 1918 मध्ये ग्रॉफ या अभ्यासकाला ग्वांगडोंगमध्ये ही परंपरा जिवंत आढळली.

ओंबिलीच्या एका वसाहतीची घरटी अनेक झाडांवर पसरलेली असतात आणि राणी त्यांतील एखाद्याच घरट्यात असते. तेव्हा पिशवीतून येई तो बहुधा वसाहतीचा तुकडा. राणीवाचून कामकरी मुंग्या हळूहळू संपणार आणि बागायतदार पुन्हा बाजार गाठणार. मुंग्यांचा बाजार टिकून राहिला त्याचे एक कारण यात असावे.

ग्रंथकर्ते कोण, कोणत्या सालचे, यावर आपण वाद घालतो. चरबी भरलेले मूत्राशय घेऊन घरट्याशेजारी उभे राहिलेले लोक मात्र अनाम राहिले. मूळ ज्ञान त्यांचे होते. ग्रंथांनी ते केवळ टिपून ठेवले.